पांगलाँग करार वाचायचाय? मग असा वाचा

म्यानमारचा (पूर्वीचा बर्मा) विषय निघाला की कुणीतरी पांगलाँगचं, म्हणजे स्वातंत्र्याआधी बर्मा सरकार आणि तिथल्या डोंगरी लोकांचे नेते यांच्यात झालेल्या कराराचं, नाव काढतंच, पण तो करार स्वतः वाचलेला माणूस फार कमी वेळा भेटतो. आणि आहे केवढा तो, फक्त ९ कलमं, चहा संपायच्या आत वाचून होतो. नेटवर सहज मिळतो, काढा, शेजारी त्याच वर्षीची म्हणजे १९४७ ची बर्माची राज्यघटना उघडा आणि एक वही घ्या. वही लागणारच.

आधी थोडं मागचं. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहिलाच असेल, त्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरनं काढलं आणि त्यानंतर मधला सपाट बर्मा एका पद्धतीनं चालवला, डोंगराळ सीमाभाग वेगळ्या पद्धतीनं. त्या डोंगरातल्या शान लोकांचे साओफा, म्हणजे आपल्या भाषेत संस्थानिक, आपापल्या गादीवर राहिले. त्यामुळं १९४७ च्या जानेवारीत बर्माचे स्वातंत्र्यनेते आँग सान लंडनला जाऊन ब्रिटिश पंतप्रधान ॲटलींशी स्वातंत्र्याचं बोलून आले तेव्हा खरा प्रश्न हा होता की डोंगरातली माणसं सोबत येणार का. ते ठरवायला शान भागातल्या पांगलाँग गावी सगळे जमले आणि १२ फेब्रुवारी १९४७ ला सह्या झाल्या.

आता वाचायला सुरुवात शेवटाकडनं करा, सह्यांपासून. एकूण २३ आहेत. बर्मा सरकारची एकच, आँग सानची. बाकी डोंगरी लोकांच्या: शान १३, काचिन ६, चिन ३. वहीत ही नावं डावीकडं लिहा आणि उजवीकडं तिथल्या बाकीच्या समाजांपैकी कोण नाही ते लिहा: कारेन्नी नाहीत, मोन नाहीत, राखाइन नाहीत, करेन (हे कारेन्नींहून वेगळे) आले होते पण नुसते निरीक्षक म्हणून. ही उजवी बाजू जपून ठेवा, पुढं लागणार आहे.

मग थेट पाचवं कलम. सीमाभागाला अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता 'तत्त्वतः मान्य'. हा शब्द आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, उपोषण सोडवायला मंत्री येतात आणि मागणी तत्त्वतः मान्य म्हणून सांगून जातात तेव्हा मांडवात बसलेल्यांच्या पोटात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. प्रत्येक कलमाला तीन प्रश्न विचारा: कोणी करायचं, कधीपर्यंत करायचं, नाही केलं तर काय. पाचव्या कलमात तिन्हीची उत्तरं नाहीत. सहाव्यात वेगळं काचिन राज्य असावं असं म्हटलंय खरं, पण निर्णय घटना समितीवर ढकललाय.

आणि एक गोष्ट नक्की तपासा कारण इथं भलेभले चुकतात. देशातून फुटून निघायचा हक्क पांगलाँगनं दिला असं सर्रास सांगतात, करारात तसं एक अक्षर नाही. तो हक्क राज्यघटनेत आहे, दहाव्या प्रकरणात, आणि तोही १० वर्षांनंतर वापरायचा. आता वहीतली यादी घ्या आणि तो कुणाला मिळाला ते बघत जा. शानना मिळाला. सही केलेल्या काचिनना राज्य मिळालं पण हा हक्क नाकारला. सही केलेल्या चिनना तर राज्यही नाही, नुसता विशेष विभाग. आणि सही न केलेल्या कारेन्नींना मात्र हक्क मिळाला! माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, एकाच सहीचे तीन वेगळे भाव कसे झाले हे इथं उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि पुढची भांडणं वाचताना पुन्हापुन्हा इथंच यावं लागतं.

आँग सान वारले म्हणून सगळं बिघडलं हे वाक्य खूप ऐकाल. १९ जुलै १९४७ ला बैठकीतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, मोठा घाव होता यात वाद नाही. पण त्याच खोलीत माँग पॉनचे साओफा साओ साम तुनही होते, पहिल्या कलमानं डोंगरी लोकांसाठी जी सल्लागाराची जागा तयार केली तिच्यावर बसलेला माणूस, तेही दुसऱ्या दिवशी गेले. म्हणजे शब्द देणारा आणि घेणारा दोघंही एकाच हल्ल्यात गेले, हे फार थोडे सांगतात आणि मला ते वाचून दर वेळी वाईट वाटतं.

शेवटी तारखांची एक ओळ काढा. ४ जानेवारी १९४८ स्वातंत्र्य. १९४९ करेन बंड, उजवी बाजू आठवा. १९५८ ला १० वर्षं भरली, १९५९ ला साओफांनी अधिकार सोडले, १९६२ च्या सुरुवातीला शान नेते संघराज्य नीट करा म्हणून यांगूनला चर्चा करत होते आणि २ मार्चला लष्करप्रमुख ने विननं लष्कर उतरवून सत्ता घेतली. आता परत सह्यांकडं जा आणि यॉन्गह्वेच्या साओफांचं नाव शोधा, साओ श्वे थाइक. हेच स्वतंत्र बर्माचे पहिले राष्ट्राध्यक्ष. लष्कर उतरलं त्या रात्री सैनिक त्यांच्या घरी आले, किशोरवयीन मुलगा तिथंच मारला गेला, आणि ते स्वतः त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुरुंगात वारले.