‘पाठवली होती’ म्हणजे ‘हॅड सेंट’ नव्हे

नोकरीत नवी असताना परदेशातल्या एका सहकाऱ्याला मी मेल लिहिला : ‘आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे.’ त्याने उलट विचारलं, मग पुढे काय झालं? फाइल बदललीस का? मी बुचकळ्यात पडले. फाइल सोमवारी पाठवली होती, एवढंच तर सांगायचं होतं!

चूक त्या ‘होती’त होती. मराठीत घडून गेलेली कुठलीही गोष्ट आपण ‘होतो, होती’ लावून सहज सांगतो. ‘मी काल बँकेत गेले होते’ हे वाक्य आपल्या कानाला पुरं वाटतं. इंग्रजी ‘हॅड’ ऐकणारा मात्र भूतकाळातली दुसरी एखादी घटना शोधतो, जिच्या आधी हे घडलं. ती सापडली नाही की वाक्य अर्धवट राहतं. म्हणून ‘आय सेंट’, ‘आय वेंट’. साधा भूतकाळ, बस्स.

‘हॅड’ची खरी गरज कुठे पडते ते पाहा. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोचण्याआधीच गाडी गेली होती. तिथे ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटलं, तर मी पोचले आणि गाडी सुटली. एका शब्दाने क्रम उलटला. पण वाक्यात ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल, तर क्रम त्यातूनच कळतो आणि बहुतेक वेळा साधा भूतकाळ चालून जातो.

दुसरा खड्डा ‘आहे’चा. ‘मी कालच अर्ज भरला आहे’ हे मराठीत बिनचूक. ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे’ मात्र चूक. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ला तिथे जागा नाही. मुलाखतीत तर हे फार जपा. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे ती नोकरी सोडली. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ हवं, नाहीतर समोरच्याचा पुढचा प्रश्न असेल, का सोडली? (अमेरिकन बोलण्यात ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’बरोबर साधा भूतकाळ सर्रास येतो. तो ऐकून गोंधळू नका.)

‘मी रोज लिहायचे’ यातल्या ‘-यचे’साठी ‘यूज्ड टू’ धरून चाला. ‘मला माहीत होतं’ म्हणजे ‘आय न्यू’, ‘आय वॉज नोइंग’ कधीच नाही. आणि ‘डिड’ आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात : ‘डिड नॉट गो’.

बारा काळांचे तक्ते मीही घोकले. मेल लिहिताना त्यांतलं काही आठवायचं नाही. उपयोगी पडली ती एकच सवय : मेल पाठवण्याआधी प्रत्येक ‘हॅड’वर थांबायचं आणि विचारायचं, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर तो ‘हॅड’ खोडायचा. सुरुवातीच्या महिन्यांत माझे बहुतेक ‘हॅड’ असेच खोडले गेले.