गावात कौशल्य कार्यशाळा कशी घ्याल? दोन रविवार, सोळा जण आणि एक बोर्ड

आमच्या पलूस तालुक्यात घरोघरी मिक्सर आहे, इस्त्री आहे, पाण्याची मोटार आहे. पण प्लगमधली निघालेली वायर पुन्हा बसवायची म्हटलं, तर दहावी झालेलं पोरसुद्धा दुकानाकडे बघतं. म्हणून चार मित्रांनी मिळून घरगुती वीज-दुरुस्तीची कार्यशाळा घ्यायचं ठरवलं. पहिल्या खेपेला चाळीस मुलं आली, पकडी तीन होत्या आणि शाल-श्रीफळात सव्वा तास गेला. शिकवायला आलेल्या मिस्त्रीकाकांनी उरलेल्या वेळात सुंदर काम केलं. मुलांनी ते पाठीमागून पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. मुलांच्या हातात काहीच आलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही सगळी आखणी एकाच प्रश्नाभोवती करतो: किती वेळ हत्यार मुलांच्या हातात राहणार?

आधी वस्तू ठरवा, विषय नंतर

‘इलेक्ट्रिशियनचं काम’ हा दोन रविवारांचा विषय नाही. आयटीआयला त्याच अभ्यासक्रमासाठी दोन वर्षं लागतात. आम्ही एक्स्टेंशन बोर्ड निवडला. त्यात वायर सोलणं आलं, बटण आणि सॉकेट जोडणं आलं, तीन पिनांचा प्लग बसवणं आलं, आणि शेवटी प्रत्येक जण स्वतः केलेली वस्तू घरी नेतो. शिवणकाम शिकवायचं असेल तर अख्खा ड्रेस नको, एक पिशवी पुरे. शेतीचं शिकवायचं असेल तर ठिबकच्या एका ओळीची जोडणी घ्या. वस्तू दोन बैठकांत पुरी होत नसेल, तर ती आणखी लहान करा.

तारीख गावाच्या कामाधामाला विचारून

ऑक्टोबरला इथे द्राक्षाच्या छाटण्या चालतात, त्यानंतर कारखान्यांचे धुराडे पेटतात आणि ऊसतोड मार्चपर्यंत सरत नाही. फेब्रुवारी-मार्च बारावी-दहावीच्या परीक्षांचे. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या गावांनी काही ठरवूच नये. २०१९ आणि २०२१ चा पूर आम्ही विसरलेलो नाही. राहतात दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. मे धरला तर सकाळी साडेआठ ते साडेबारा, त्यापुढे पत्र्याखाली बसवत नाही. गावची यात्रा कधी आहे, तेवढं बघून घ्या.

जागेसाठी जिल्हा परिषदेची शाळा सर्वांत सोयीची. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती या दोघांनाही लेखी अर्ज द्या. सुट्टीत किल्ली कोणाकडे असते आणि मेन स्विच कुठे आहे, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा.

मिस्त्रींची रंगीत तालीम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमचे काका तीस वर्षं मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळतात. त्यांना विचारलं, “प्लग कसा जोडता?” तर म्हणाले, “हे असं धरायचं, असं पिळायचं, झालं की वो!” चार मिनिटांत प्लग तयार. ज्याच्या हाताला काम ठाऊक आहे, त्याला ते तोंडाने सांगायची वेळच कधी आलेली नसते. यात त्यांचा दोष नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे पोरं वर्षानुवर्षं शेजारी बसून बघत बघत शिकत आली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच हातांचं श्रेय. पण आपल्याकडे वर्षं नाहीत, आठ तास आहेत.

म्हणून आदल्या आठवड्यात मिस्त्रींच्या घरी जा आणि एकच काम तीनदा करून घ्या. पहिल्यांदा नेहमीसारखं. दुसऱ्यांदा प्रत्येक हालचाल बोलून दाखवत, तुम्ही लिहून घेत. तिसऱ्यांदा काम तुम्ही करायचं आणि काकांनी हात पाठीमागे बांधून फक्त सांगायचं. ही तिसरी खेप त्यांना फार जड जाते. आमच्या काकांचा हात चार वेळा पुढे आला. पण त्याच खेपेत कळलं, की वायरचे तंतू उजवीकडे पिळून मग स्क्रूखाली घालायचे, म्हणजे स्क्रू आवळताना ते बाहेर पसरत नाहीत. ही गोष्ट त्यांनी आधी दोन्ही वेळा केली होती, सांगितली एकदाही नव्हती.

कागदावर ‘मुलांसाठी’ लिहू नका

आम्ही पहिल्या पत्रकात तसं लिहिलं आणि एकही मुलगी आली नाही. चौकशी केली तर एक मावशी म्हणाल्या, “पोरांचं हाय म्हणून लिहिलंय की.” आता आम्ही ‘मुली आणि मुलगे’ असं ठळक लिहितो, एक महिला स्वयंसेवक पूर्ण वेळ ठेवतो आणि शेजारच्या वाडीवरच्या मुली परतीच्या एसटीने वेळेत घरी पोचतील असं पाहतो. निम्म्या जागा मुलींच्या. आई दिवसभर शेतात असते, घरातली इस्त्री आणि मिक्सर बहुतेक वेळा मुलगीच वापरते. तिला ते उघडता यायलाच हवं.

अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकांची सही घ्या. कुणी मोठं माणूस एका मुलाला किंवा मुलीला घेऊन बंद खोलीत बसणार नाही, हा नियम स्वयंसेवकांना तोंडावर सांगा. कुणाला राग आला तरी चालेल.

सामान आणि सुरक्षा

सोळा जण, आठ जोड्या, तीन स्वयंसेवक. जोडीमागे एक पक्कड, एक वायर सोलायचं हत्यार, एक स्क्रू ड्रायव्हर. बोर्डाचं सामान मात्र प्रत्येकाला वेगळं. पैशासाठी फार फिरावं लागत नाही: गणेश मंडळाकडे वर्गणीतून थोडी शिल्लक असते आणि इलेक्ट्रिकचं दुकान उरलेल्या वायरीचे तुकडे सरावाला देतं.

पहिल्या रविवारी वर्गात वीज नसतेच. सगळं काम कोरड्या वायरीवर होतं. समोरून पाहिलं तर सॉकेटच्या उजव्या भोकात फेज (वीज आणणारी तार), डावीकडे न्यूट्रल (परतीची तार), वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग (गळकी वीज जमिनीत नेणारी तार). बटण नेहमी फेजवरच. प्लगची अर्थिंगची पिन लांब का, हे सांगू नका, विचारा. एका सातवीतल्या मुलीने प्लग सॉकेटमध्ये अर्धाच घालून, डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, “ही आधी टेकतीया.” बरोबर. घालताना ती आधी जुळते आणि काढताना शेवटी सुटते. आता हे ती जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या रविवारी तपासणी. मिस्त्री प्रत्येक बोर्ड आधी मल्टीमीटरने पाहतात आणि मगच तो तीस मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून, जोडला जातो. पायात चप्पल, हात कोरडे, टेबलाशी एका वेळी एकच जण. शॉक बसला तर माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद, हे सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आणि एवढ्यावर दुसऱ्याच्या घरचं वायरिंग करता येत नाही, त्याला परवाना लागतो, हेही सांगून ठेवा.

उद्घाटन करू नका. सरपंच येणार असतील तर शेवटच्या अर्ध्या तासात बोलवा आणि भाषणाऐवजी त्यांना एखाद्या मुलाकडून त्याचा बोर्ड समजावून घ्यायला सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ आपल्या भागात त्यांच्यामुळे घरोघरी माहीत आहे. हातांचं महत्त्व पटवायला इथे पाहुणे लागत नाहीत.

महिन्याभराने दुरुस्तीचा रविवार

हा ठेवला नाही तर शिकलेलं विरून जातं. त्याच सोळा जणांना पुन्हा बोलवा आणि गावाला सांगा, बंद पडलेली इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन घेऊन या. मिस्त्री कोपऱ्यात खुर्चीवर बसतील आणि विचारल्याशिवाय उठणार नाहीत. जे मुलांच्या आवाक्याबाहेरचं असेल ते काकांच्या दुकानात जाईल, म्हणजे त्यांचाही धंदा बुडत नाही. वहीत तीन रकाने पुरतात: काय आलं, कुणी उघडलं, काय निघालं. आमच्या वहीतली पहिली नोंद त्याच सातवीतल्या मुलीची आहे: “आजीची इस्त्री. मी उघडली. अर्थिंग सुटलं होतं.”