दोन-तीन तुकड्यांच्या रेसिंग रिममधून हवा हळूहळू उतरत असेल तर

रात्री हवा भरली आणि सकाळी चार-पाच पीएसआय कमी दिसली की लगेच रिम खोलायला बसू नका, आधी साबणाचं पाणी घ्या आणि व्हॉल्व्ह, टायरची कड, जोडाची रेघ (रिमचे तुकडे बोल्टने जिथे जुळतात ती), बोल्टांची डोकी असं सगळीकडे ब्रशने लावून पाच मिनिटं नुसतं बघत बसा, कारण बारीक लीकचा फुगा फुटत नाही, तिथे पांढरा फेस हळूच साचत जातो. बऱ्याचदा दोषी व्हॉल्व्हच निघतो आणि आपण उगाच रिमला शिव्या घालत असतो.

जोडातूनच गळत असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मग टायर उतरवा. हवा भरलेली असताना जोडाच्या बोल्टला पाना लावायचा नाही म्हणजे नाही, जीवावर बेतू शकतं.

आता खरं काम, म्हणजे साफसफाई. जोड हवाबंद करणारं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा (स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात आणि पुढचा लीक तिथूनच), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कपडा स्वच्छ निघेपर्यंत. जुन्यावर नवीन सिलिकॉन चिकटत नाही, मी एकदा कंटाळा केला आणि आठवड्यात परत तेच.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं अॅल्युमिनियम खातं. आतून जोडावर न तुटता एक सलग रेघ ओढा, ओल्या बोटाने दाबून पसरवा, किमान 24 तास हात लावू नका. ओ-रिंगवाली (जोडात सिलिकॉनऐवजी रबरी रिंग असलेली) रिम असेल तर मात्र हे नाही, रिंगच बदलायची आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने) समोरासमोर आवळायचे.