रासेयोचं सात दिवसांचं शिबिर: गावात राहायचं, खपायचं आणि फिरायचं कसं

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं गाव दिवसा रिकामं असतं. यवतमाळ, अकोला, अमरावतीकडे बायामाणसं कापूस वेचायला गेलेली असतात, तूर सोंगणीला आलेली असते. भंडारा-गोंदियाकडे धानाची मळणी चाललेली किंवा नुकतीच आटोपलेली असते. अशा दिवसांत सकाळी अकराला गृहभेटीला निघालेल्या गटाला कुलपं आणि कुत्री भेटतात, फार तर एखादी आजी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) हिवाळी शिबिराचं वेळापत्रक बहुतेकदा कॉलेजात बसून आखलं जातं आणि पहिल्याच दिवशी मोडतं, त्याचं मुख्य कारण हेच. गाव घरी केव्हा असतं ते आधी विचारा आणि मग आखणी करा.

ही योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तासांचं नियमित काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, असा तिचा हिशेब. शंभराच्या पथकातून साधारण पन्नास जण शिबिराला जातात. पुढची सगळी मापं पन्नास जण धरून दिली आहेत.

दिवस असा बसतो: साडेपाचला उठणं, प्रार्थना, व्यायाम. साडेसातला न्याहारी. आठ ते अकरा श्रमदान, कारण अकरानंतर हिवाळ्यातलं ऊनही पाठीला लागतं. दुपारी जेवण, थोडी विश्रांती, मग बौद्धिक सत्र. दीड तासाच्या वर व्याख्यान ठेवू नका, अर्धी मुलं झोपलेली असतात आणि त्यांचा त्यात दोष नसतो. गृहभेटी संध्याकाळी पाच ते सात. नंतर सामुदायिक प्रार्थना, जेवण, कार्यक्रम. दहाच्या आत दिवे बंद.

आधीची पाहणी

शिबिराच्या दहा-पंधरा दिवस आधी चार-पाच जणांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांसोबत (पथक सांभाळणाऱ्या प्राध्यापकांसोबत) गावात एक पूर्ण दिवस काढावा. राहायची जागा, पाणी, संडास आणि कामाची जागा या चार गोष्टी डोळ्यांनी बघून यायच्या. फोनवर "सगळी सोय आहे" असंच ऐकायला मिळतं. शाळेत संडास दोन आणि माणसं पन्नास, म्हणजे पहाटे दीड तासाची रांग. बारा-पंधरा जणांमागे एक तरी हवा. कमी पडत असतील तर समाजमंदिर, ग्रामपंचायत किंवा आसपासची चार-पाच घरं आधीच बोलून ठेवा, आणि तिथली सफाई आपल्या गटाकडे घ्या.

पाण्याची चव घेऊन बघा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं, त्यात डाळ नीट शिजत नाही आणि चहा फाटतो. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराईडमुळे काही हातपंप पिण्यासाठी बंद केलेले असतात. पिण्याचं पाणी कुठलं, हे गावातल्या बायांना विचारा. विहिरीचं पाणी घेणार असाल तर ते निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडे असते. ती पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडूनच टाकून घ्या, अंदाजाने टाकू नका. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे आणि तिथे रात्री कोण असतं, तेही लिहून आणा.

झोपायची सोय

रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि शाळेच्या फरशीची थंडी वरच्या ब्लँकेटने अडत नाही. अंथरूण पांघरुणापेक्षा जाड हवं. धानाच्या पट्ट्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मिळते. ती एक दिवस उन्हात पसरून, झटकून घ्या, चार बोटं जाड थर द्या, वर ताडपत्री आणि त्यावर सतरंजी. ऊन न दाखवलेली तणस रात्रभर अंग खाजवते. खोलीत तणस असेल तर मच्छर अगरबत्ती, मेणबत्ती, शेकोटीतले निखारे यांतलं काहीही आत येऊ देऊ नका. कापसाच्या पट्ट्यात तणस नसते. तिथे किराणा दुकानातली खोकी उघडून खाली घाला, वर दोन सतरंज्या.

सोबत घ्यायच्या वस्तूंत तीनच गोष्टींवर आमचा जोर आहे: कानटोपी, विजेरी आणि पाय पूर्ण झाकणारे बूट. बाकी यादी कॉलेज देतंच.

स्वयंपाक

गावातली एक जाणती स्वयंपाकीण मजुरी देऊन ठेवा आणि रोज आठ जणांचा गट तिच्या हाताखाली द्या. ती म्हणेल ते प्रमाण खरं. तरी सामान भरताना अंदाज हवा म्हणून: एका वेळच्या भाताला ५ किलो तांदूळ, वरणाला अडीच किलो तुरीची डाळ, पोह्यांना ४ किलो पोहे आणि त्यावरच्या तर्रीसाठी (तिखट रश्श्यासाठी) २ किलो चणे आदल्या रात्री भिजत घातलेले. माणशी पाच पोळ्या धरल्या तर अडीचशे होतात, त्याला ९ ते १० किलो कणीक लागते. नवख्या हातांना अडीचशे पोळ्या लाटायला तीन तास जातात, म्हणून पोळी एकाच वेळेला ठेवा. दुसऱ्या वेळेला वरण-भात, मसालेभात किंवा आलूभात. एखादी संध्याकाळ बचत गटाला पैसे देऊन ज्वारीच्या भाकरी करून घ्या, सोबत झुणका आणि ठेचा. त्या दिवशी बाया स्वतःहून शिबिरात येऊन बसतात, आणि गृहभेटीत ज्या बोलल्या नाहीत त्या इथे बोलतात.

मोठ्या गंजात (पातेल्यात) भात हमखास खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की खालची लाकडं ओढून घ्यायची, झाकण घट्ट बसवायचं आणि त्यावर निखारे ठेवायचे. वीस मिनिटं कुणी झाकण उघडायचं नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी टाका.

श्रमदान: एकच काम घ्या

सात दिवसांत रस्ता, शाळेची रंगरंगोटी, वृक्षारोपण, नालेसफाई असं सगळं धरलं की काहीच पूर्ण होत नाही. हिवाळ्यात लावलेलं रोप तर पाणी घालायला माणूस नसेल तर एप्रिल पाहत नाही. नाल्याला अजून धार असेल तर वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, हे पन्नास जणांना पाच सकाळीत पूर्ण होणारं काम आहे. ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या. नाला वनहद्दीत असेल तर वनविभागाचीही लागते.

जागा निवडताना पात्र अरुंद आणि दोन्ही काठ पक्के बघा. ६ मीटर रुंद आणि १ मीटर उंच बंधाऱ्याला, दोन भिंती धरून, दीडशेच्या आसपास पोती लागतात. फाटकी आणि पायाची जादा धरून २०० जमवा. घरकुलांची बांधकामं चालू असतात तिथे सिमेंटची रिकामी पोती मिळतात. ती नाका-तोंडाला रुमाल बांधून, वाऱ्याची दिशा बघून झटका. घामावर सिमेंटची भुकटी बसली की कातडी जळते.

पहिला दिवस सगळ्यात कंटाळवाणा असतो, पण बंधारा टिकतो तो त्याच दिवसाच्या कामावर. जिथे भिंत येणार तिथली वाळू आणि गोटे कडक थर लागेपर्यंत, साधारण फूटभर, काढायचे. दोन्ही काठांत फूट-दीड फूट खाच घ्यायची. हे टाळून थेट पोती रचली की पाणी वाळूतून खालून निघून जातं, किंवा काठ कोरून बाजूने वाट काढतं. वरून बंधारा छान दिसतो, फोटोही छान येतो आणि मागे पाणी ठरत नाही.

दुसरा-तिसरा दिवस भरण्याचा. तिघांची टोळी करा: एक पोत्याचं तोंड धरतो, एक फावड्याने भरतो, एक दाभण-सुतळीने शिवतो. अशी टोळी तासाला दहा-बारा पोती काढते. पोतं तीन चतुर्थांशच भरायचं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, दुसऱ्यावर बसत नाही आणि फटी राहतात. भरायची वाळू-माती बंधाऱ्याच्या वरच्या बाजूने पात्रातून घ्या, म्हणजे तेवढी खोली वाढते. खालच्या बाजूने किंवा काठ खणून घेतलीत तर बंधाऱ्याचा पायाच मोकळा होतो. भरलेलं पोतं दोघांनी उचलायचं, कंबर न वाकवता गुडघे वाकवून.

चौथ्या दिवशी रचाई. फुटाच्या अंतराने दोन भिंती, विटांसारखी सांधेमोड: वरच्या पोत्याचं मध्य खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर. प्रत्येक थर पायाने दाबून, मग पुढचा. पाचव्या दिवशी दोन भिंतींमध्ये चिकण माती ओली करून तुडवत भरा. पाणी अडवते ती हीच माती, पोती फक्त तिला आधार देतात. कोरडी ढेकळं टाकली तर गळती थांबत नाही. मध्यभागी वरचा थर एक पोतं कमी ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल आणि काठ वाचतील.

नाला कोरडा असेल तर घरोघरी सांडपाणी मुरवणारे शोषखड्डे घ्या, प्रत्येकी मीटरभर लांब, रुंद आणि खोल. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर गिट्टी. काळ्या मातीच्या गावात मात्र मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही, मग महिनाभरात खड्डा तुंबतो आणि घरमालक तुमच्या नावाने बोटं मोडतो.

अवजारं ग्रामपंचायतीची आणि शेतकऱ्यांची घ्याल, ती आदल्या संध्याकाळी तपासा. टिकावाचा दांडा सैल असेल तर पाचर मारा. नुसता रात्रभर पाण्यात बुडवूनही लाकूड फुगून घट्ट होतं, पण ते तात्पुरतं, दुपारी वाळलं की डोकं पुन्हा हलतं. दोन टिकावांमध्ये तीन मीटर अंतर हवंच. दांडा आवळून धरला की अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. वरचा हात दांड्यावरून सरकू द्या. आलेला फोड फोडू नका, फडकं बांधा आणि त्या दिवशी घमेली वाहा. दगड उचलताना पलीकडची कड सब्बलेने (पहारीने) उचलून तो आपल्याकडे उलटवा. खाली विंचू असलाच तर तो तुमच्या पायावर न येता पलीकडे जातो.

गृहभेटी

दोघांची जोडी, त्यात एक मुलगी असावीच. दारात उभं राहून वही उघडू नका. आधी "मावशी, कॉलेजची पोरं आहोत, शाळेत मुक्कामाला आहोत" एवढं सांगा, बसायला सांगितलं तर बसा. सुरुवात पिकापाण्यापासून करा, मग शाळेत जाणारी मुलं, पाणी, दवाखाना. आधार क्रमांक, बँक खातं, कर्ज किती, हे विचारायचंच नाही. शेतकरी आत्महत्या झालेलं घर असेल तर ते आधी सरपंचांकडून किंवा आशाताईंकडून समजून घ्या, आणि तिथे त्या विषयाला तोंड फोडू नका. घरच्यांनी काढला तर मुकाट ऐका, लिहू नका. चहा दहा घरी होतो. "अर्धाच द्या" म्हटलेलं चालतं, पण नको म्हटलेलं लागतं.

रात्रीच्या कार्यक्रमात पहिली दोन रात्री तुमची नाटुकली, नंतर गावाला जागा द्या. भजनी मंडळ, खंजिरी, लेझीम, कुठे दंडार हे लोकनाट्य. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, याच दिवसांत नाटकांचा हंगाम असतो. गावात किंवा शेजारी नाटक असेल त्या रात्री आपला कार्यक्रम सरळ रद्द करा, कुणी येणार नाही.

एक रात्र आकाशदर्शनाला ठेवा, अमावास्येच्या जवळची. गावाबाहेर नको, शाळेच्या मैदानातले दिवे घालवले तरी पुरतं. मोबाइल बंद करून पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या. मृगाचे मधले तीन तारे पकडा. त्यांची रेघ खाली वाढवली की व्याध लागतो, वर वाढवली की रोहिणी, तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका.

रानातला दिवस

अर्ध्या दिवसाची, जाऊन-येऊन आठ किलोमीटरपर्यंतची भटकंती पुरे. गावातला जाणकार माणूस सोबत आणि वनरक्षकाला आधी कल्पना, या दोन अटींशिवाय निघू नका. चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरीच्या बाजूला सकाळी आठच्या आधी आणि चारनंतर रानात पाय नको. वाघ असो की अस्वल, एकटा, वाकलेला किंवा बसलेला माणूस सगळ्यात धोक्यात असतो. म्हणून अंधारात परसाकडे कुणी एकट्याने जायचं नाही, हा नियम मुक्कामालाही लागू.

माणशी दोन लिटर पाणी. मोज्यांत कुसळं शिरतात, म्हणून गुळगुळीत कापडाची पँट घाला. चप्पल घालून गेलात तर सराटे तळवा शोधतात. वेलींवर तपकिरी, मखमली शेंगा दिसल्या तर हात लावू नका, ती खाजकुइली. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून केसं ओढून काढा, मगच धुवा. कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्यामोहोळ असेल तर खाली जाळ, धूर, आरडाओरडा काही नको.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यांतलं काहीही करू नका. चावलेला हात-पाय फळीने हलू न देता, माणसाला चालायला न लावता, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे मिळतं.

सातव्या दिवशी

आणलेल्या अवजारांची, गंजांची आणि पाण्याच्या गुंडांची (घागरींची) यादी पहिल्याच दिवशी वहीत घरमालकाच्या नावासह लिहिलेली असली पाहिजे. परत देताना त्याचीच सही घ्या. किराणा दुकानाची उधारी समारोपाच्या आदल्या दिवशी फेडा, नंतर बस सुटायची घाई असते. तणस गुरांच्या मालकाला परत द्या, पण प्लास्टिकचे तुकडे निवडून काढल्याशिवाय नाही.

बंधाऱ्याची एक चिठ्ठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) द्या: किती पोती, गळती दिसली तर माती कुठून भरायची, आणि मेअखेर वरचे थर कुणी उतरवायचे. ती पोती उन्हाने कुजलेली असतात. पहिल्या पुरात गेली तर प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरतात.