व्हेनिसहून क्रूझ धरायची आहे? हॉटेल ठरवण्याआधी पूल मोजा

आमच्या पहिल्या खेपेला मी हॉटेल नकाशावर अंतर बघून घेतलं होतं. बसस्टँडपासून आठशे मीटर. एवढं तर आम्ही दादरला भाजी आणायला चालतो. पण आम्ही चौघं होतो, पाच बॅगा होत्या, आईचे गुडघे दुखत होते आणि त्या आठशे मीटरांत सहा पूल होते. खालून होडी जायला हवी म्हणून व्हेनिसचे बहुतेक पूल कमानीचे आहेत. आधी पायऱ्या चढायच्या, मग तेवढ्याच उतरायच्या. चाकांची बॅग तिथे उचलूनच न्यावी लागते. चौथ्या पुलाशी आई बॅगेवर बसली ती दहा मिनिटं उठली नाही. तेव्हापासून ओळखीत कुणी व्हेनिसहून क्रूझला निघालं की मी आधी हेच सांगते: मीटर मोजू नका, पूल मोजा.

हे शहर शंभराहून अधिक बेटांवर वसलेलं आहे आणि चारशेहून जास्त पुलांनी जोडलेलं आहे. गाड्यांचा रस्ता पियात्साले रोमा या चौकात संपतो आणि रेल्वे सांता लुचिया स्टेशनात. पुढे पाय किंवा बोट, एवढंच. त्यामुळे मुंबईत किंवा दुबईत हॉटेल निवडताना जी सवय असते, मध्यवर्ती जागा बघायची आणि टॅक्सीने जायचं, ती इथे उपयोगाची नाही.

सुरुवात जहाजापासून करा

तिकिटावर ‘व्हेनिस’ लिहिलं आहे म्हणून जहाज व्हेनिसलाच लागतं असं समजू नका. १ ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. २५,००० टनांहून मोठं किंवा १८० मीटरांहून लांब जहाज तिथून जाऊ शकत नाही आणि आजची बहुतेक लोकप्रिय क्रूझ जहाजं यात सहज बसतात. ती वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली आहेत. काही खाडीपलीकडच्या मार्गेरा या औद्योगिक बंदरात लागतात, काही फुसिनाला, काही खाडीच्या दक्षिण टोकाच्या क्योज्जाला. काही तर थेट त्रियेस्ते किंवा रावेन्नाला लागतात. ही दोन्ही शहरं व्हेनिसपासून साधारण दीडशे किलोमीटरवर आहेत. म्हणजे मुंबईहून निघून पुण्याला जहाज धरण्यासारखं झालं.

म्हणून बुकिंगच्या कागदावर शहराचं नाव वाचून थांबू नका, धक्क्याचं नाव शोधा. मारित्तिमा, सान बाझीलियो (हे दोन धक्के खुद्द व्हेनिसमध्ये), मार्गेरा, फुसिना, क्योज्जा, त्रियेस्ते, पोर्तो कोर्सिनी (हे रावेन्नाचं बंदर) यांपैकी काहीतरी असेल. नसेल तर कंपनीला किंवा एजंटला लेखी विचारा. सोबत आणखी एक विचारा: चेक-इन आणि सामान जमा करणं धक्क्यावरच आहे की दुसरीकडे? मोठं जहाज मार्गेराला असलं तरी कधी प्रवाशांना मारित्तिमाला बोलावतात आणि तिथून बसने नेतात. तसं असेल तर तुमच्या हिशेबात ‘धक्का’ म्हणजे मारित्तिमा.

हे उत्तर हातात येईपर्यंत हॉटेलचं पान उघडूच नये, असं माझं मत आहे.

धक्क्यानुसार भाग ठरवा

*मारित्तिमा असेल तर* काम सगळ्यात सोपं. पियात्साले रोमाहून पीपल मूव्हर नावाची छोटी गाडी उंचावरच्या रुळांवरून मारित्तिमाला आणि पुढे त्रोंकेत्तोला जाते. २०१०पासून ती चालू आहे, दोन-तीन मिनिटांत पोचवते आणि बॅगा घेऊन चढणं सोपं आहे. म्हणजे हॉटेल पियात्साले रोमाच्या आसपास, सांता क्रोचे भागाच्या या टोकाला हवं.

दुसरी चांगली जागा म्हणजे रेल्वे स्टेशनाची बाजू. सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे वळलात की लिस्ता दि स्पान्या हा रुंद, सपाट रस्ता लागतो. कानारेजो कालव्यावरच्या गुल्ये पुलापर्यंत त्यावर एकही पूल नाही. दोन्ही बाजूंना हॉटेलं आहेत. रस्ता पर्यटकांचा, दुकानांचा, थोडा गोंगाटाचा आहे. सुंदर व्हेनिस हे नव्हे. पण ज्येष्ठ मंडळी, लहान मुलं आणि मोठ्या बॅगा असतील तर या रस्त्याला तोड नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: स्टेशन आणि पियात्साले रोमा यांच्यामध्ये ग्रँड कॅनॉल आहे आणि त्यावर २००८ साली झालेला कॉन्स्टिट्यूशन पूल आहे. तो आधुनिक असला तरी पायऱ्यांचाच. बॅगा जड असतील तर स्टेशनासमोरच्या फेरोविया या बोटीच्या थांब्यावरून एकच थांबा बोटीने जावं. पैसे जातात, कंबर वाचते.

*सान बाझीलियो असेल तर*, म्हणजे छोटं जहाज किंवा नदीतली क्रूझ असेल तर, दोर्सोदुरो भागात झात्तेरेवर राहा. जुदेक्का कालव्याच्या काठाने जाणारा हा लांब, सपाट घाट आहे. ऊन, मोकळी हवा, संध्याकाळी फिरणारे स्थानिक लोक. पूल आहेत, पण थोडे. व्हेनिसमधला माझा सगळ्यात आवडता भाग हाच, आणि माझं जहाज इथून सुटणार असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

*मार्गेरा किंवा फुसिना असेल तर* ही बंदरं मुख्य भूमीवर आहेत, त्यामुळे निदान शेवटच्या रात्रीसाठी मेस्त्रेचा विचार करा. मेस्त्रे हे खाडीवरच्या लांब पुलापलीकडचं साधं शहर. स्टेशनासमोर मोठी, लिफ्टची हॉटेलं आहेत, दर कमी आहेत, टॅक्सी दारात येते. सांता लुचियाला लोकल गाडीने दहा-बारा मिनिटं लागतात, आणि पियात्साले रोमाला ट्रामही जाते. पण दोन-तीन रात्री असतील तर सगळ्या मेस्त्रेत घालवू नका. दिवसाची गर्दी संध्याकाळी परतली की उरतं ते खरं व्हेनिस. रात्री दहाला रिकाम्या बोळातून जाताना फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येतो. तो ऐकण्यासाठी तरी एक रात्र बेटावर काढावी.

*त्रियेस्ते किंवा रावेन्ना असेल तर* शेवटची रात्र त्याच गावात काढा. यात मी तडजोड करणार नाही. त्रियेस्तेला व्हेनिसहून रेल्वेने सुमारे दोन तास लागतात, आणि धक्का शहराच्या ऐन मध्यात, समुद्राकडे उघडणाऱ्या मोठ्या चौकाला लागून आहे. तिथे चौकाजवळचं हॉटेल घेतलं की सकाळी बॅग ओढत चालत जाता येतं. रावेन्नाला बहुधा गाडी बदलावी लागते आणि पोर्तो कोर्सिनी हे बंदर गावापासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे. तिथे रेल्वे स्टेशनाजवळ राहून टॅक्सी किंवा कंपनीची बस धरावी. रावेन्नातली पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक चित्रं पाहायला जग येतं, त्यामुळे ती रात्र वाया गेली असं वाटणार नाही.

विमानतळापासूनचा रस्ता जुळवा

हॉटेल दोनदा गाठायचं असतं: येताना विमानतळावरून आणि जाताना धक्क्याकडे. दोन्हीकडचे पूल मोजायचे. मार्को पोलो विमानतळ मुख्य भूमीवर तेस्सेराला आहे. तिथून पियात्साले रोमाला बस वीस-पंचवीस मिनिटांत येते. स्वस्त आणि भरवशाचा मार्ग हाच. अलिलागुना कंपनीच्या बोटी खाडीतून येतात. सान मार्को, फोंदामेंते नोव्हे, रियाल्टो, गुल्ये असे त्यांचे थांबे वेगवेगळ्या मार्गांवर आहेत. वेळ तासाच्या आसपास किंवा जास्त लागतो, पण हॉटेल थांब्यालगत असेल तर पूल टळतात. खासगी वॉटर टॅक्सी शंभर युरोंच्या वर जाते. सहा-आठ जणांचं कुटुंब असेल आणि हॉटेलला स्वतःचा पाण्याकडचा दरवाजा असेल, तर वाटून घेतल्यावर ती तितकी महाग पडत नाही.

शहरात फिरणाऱ्या सरकारी बोटीला वापोरेत्तो म्हणतात. गेटवेहून सुटणारी लाँच किंवा मांडवीवरची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. एका फेरीचं तिकीट ७५ मिनिटं चालतं आणि ९.५० युरोंना पडतं, म्हणून दोन दिवस राहणार असाल तर २४ किंवा ४८ तासांचा पास घ्या. पास असला तरी दर वेळी चढण्याआधी तो यंत्राला टेकवावा लागतो. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५० सेंटिमीटरपर्यंतची एक बॅग मोफत नेता येते. आपल्याकडच्या मोठ्या सूटकेसा याहून मोठ्या भरतात, तेव्हा घरीच टेपने मोजून घ्या.

आता नकाशा उघडा

हॉटेल मनात भरलं की उपग्रहाचं चित्र मोठं करून थांब्यापासून दारापर्यंत हाताचं बोट फिरवा आणि निळी रेघ किती वेळा ओलांडली ते मोजा. शून्य किंवा एक असेल तर डोळे मिटून बुक करा. दोन चालेल. तीन म्हणजे प्रत्येकाला आपली बॅग उचलता यायला हवी. त्यापुढे मी जात नाही, हॉटेल कितीही देखणं असो.

इथे पत्त्याचा एक घोटाळा आहे. व्हेनिसचे सहा भाग आहेत आणि घरांना क्रमांक रस्त्यानुसार नाही, भागानुसार आहेत. ‘कानारेजो’ आणि पुढे चार आकडी क्रमांक, एवढाच पत्ता असू शकतो. त्यावरून स्थानिक माणसालाही जागा सापडणं कठीण. बोळाचं नाव आणि सगळ्यात जवळचा वापोरेत्तो थांबा हॉटेलकडून लिहून घ्या.

बुकिंगआधी हॉटेलला ईमेल करा

मी नेहमी हेच पाच प्रश्न पाठवते. अमुक थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल? इमारतीत लिफ्ट आहे का आणि ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? स्वागतकक्ष रात्री उघडा असतो का? खोली सोडल्यावर बॅगा ठेवून घेता का? उन्हाळा असेल तर एसी चालू असतो का? दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जुन्या वाड्यांची हॉटेलं झाली आहेत, तिथे लिफ्ट बसवायला जागाच नसते. आणि छोट्या ठिकाणी संध्याकाळनंतर कुणी नसतं, दाराचा कोड मोबाइलवर येतो. रात्री अकराला विमान उतरणार असेल तर ते नको.

भाड्याचं घर घेत असाल तर जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय क्रमांक आहे का बघा. इटलीत पर्यटकांना दिलेल्या घरांना आणि हॉटेलांना तो लागतो. जाहिरातीत नसेल तर पुढे जाऊ नका. मला स्वतःला क्रूझच्या आदल्या रात्रीसाठी घरापेक्षा हॉटेलच बरं वाटतं, कारण घरात सकाळी दहानंतर बॅगा ठेवायला जागा उरत नाही.

दर बघताना त्यात शहराचा मुक्कामकर धरलेला नसतो. तो माणशी, रात्रीमागे, हॉटेलच्या दर्जानुसार वेगळा द्यावा लागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो नाही. २०२४पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत रात्र काढणाऱ्यांना ते माफ आहे, आणि मेस्त्रे व मार्गेरा या हद्दीत येतात. पण माफीची नोंद आधी ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. जवळपासच्या पादोव्हा किंवा त्रेव्हिझो शहरात स्वस्तात राहून यायचं ठरवलंत तर हे शुल्क हिशेबात धरा.

ऋतू आणि व्हिसा

ऑक्टोबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर उधाणाचा विचार करा. कोकणातल्या माणसाला समजावायला नको: अमावास्या-पौर्णिमेची भरती आणि वर दक्षिणेकडून सिरोक्को वारा लागला की पाणी चौकात चढतं. १२ नोव्हेंबर २०१९ला ते १८७ सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं. ३ ऑक्टोबर २०२०ला पहिल्यांदा वापरलेल्या मोसे या खाडीच्या तोंडावरच्या दरवाजांनी मोठं उधाण आता अडतं, पण दरवाजे लावण्याइतकं पाणी चढलेलं नसतानाही सान मार्कोसारख्या सखल भागात पाय भिजतात. त्या दिवसांत तळमजल्याची खोली घेऊ नका. उन्हाळ्यात डासांसाठी खिडकीला जाळी आहे का ते विचारा.

व्हिसासाठी जहाजाच्या तिकिटासोबत आधीच्या रात्रींचं हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून सुरुवातीला रद्द करता येणारं बुकिंग करा. क्रूझ मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया किंवा तुर्कस्तानला लागणार असेल तर तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर (म्हणजे एकाच व्हिसाने फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर) जाऊन परत येता. तेव्हा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा मागा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्येच आहे.

शेवटची सकाळ

भारतातून येताना मध्ये विमान बदलावं लागतं, बॅग मागे राहू शकते. म्हणून जहाजाच्या आधी किमान एक रात्र, जमलं तर दोन. पोचल्याच्या संध्याकाळी, हातात सामान नसताना, हॉटेल ते पीपल मूव्हर किंवा थांबा हा रस्ता एकदा चालून या. दुसऱ्या दिवशी संप आहे का हेही तेव्हाच स्वागतकक्षात विचारा. इटलीत बोटींचे आणि रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि त्या दिवशी मोजक्याच फेऱ्या असतात. संप असेल आणि तुमचं हॉटेल पियात्साले रोमाच्या जवळ असेल, तर मारित्तिमाला बॅगा घेऊन सावकाश चालत जाता येतं.