पगारपत्रक लिहिणारीचं ऐका: सारख्या कामाचा सारखा पगार कसा मागायचा

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात मी 19 वर्षं हजेरी आणि पगारपत्रक लिहिलं. बाईचा पगार नेमका कुठे कापला जातो हे मला कुणी सांगायला नको. कापणारा पेन माझ्याच हातात होता.

घडीच्या टेबलाशी सहाजण उभे असायचे. चार बाया, दोन गडी. टॉवेल ओढायचा, कडेचे सुटे धागे कात्रीने काढायचे, डाग-भोक बघायचं, तीन घड्या, डझनाची थप्पी, वर लेबल. सगळ्यांचं तेच. आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, अक्कांचा हात तर गड्यांपेक्षा जलद. पण माझ्या रजिस्टरात गडी 'पॅकर' आणि बाया 'हेल्पर'. शेठ सांगायचे, मी लिहायचे. टेबल एक, दर दोन.

तेव्हा भांडायचं असेल तर हुद्द्यावर भांडू नका, कामावर बोला. हुद्दा कारकुनाच्या पेनातून येतो. पूर्वी यासाठी 1976 चा समान वेतन कायदा होता. आता त्याच्या जागी वेतन संहिता, 2019 आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू. तिचं कलम 3 सांगतं की एकाच मालकाकडे तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर बाई-पुरुष म्हणून वेतनात फरक करता येत नाही. भरतीतही नाही. काम 'तसंच' आहे का, हे चार गोष्टींवरून बघतात: कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी. किरकोळ फरक धरत नाहीत.

आता वही करा. साधी शाळेची चालते. रोज तारीख, कोण कुठे उभं होतं, किती डझन झाले. आणि 'हे फक्त गडीच करतात' असं जे काम सांगतात, ते किती वेळा झालं तेही लिहा. याच जागी बायांचा अर्ज अडतो. आमच्या शेठनीही तेच म्हटलं होतं, "गडी मालाच्या गाठी उचलतात की." एका अक्काने महिनाभर तेलुगूत नोंद ठेवली. गाठी उचलायची वेळ गड्यांवर आली तीनदा, तीही टेम्पोबरोबर हमाल आला नाही म्हणून. वही वाचून दाखवल्यावर शेठ पंख्याकडे बघत बसले.

नगावर काम असेल, म्हणजे शिलाई किंवा हेमिंग, तर आठवड्याची रक्कम ताडून बघू नका. डझनाचा दर ताडा. रक्कम कमी-जास्त हाताच्या वेगानेही होते.

पण तुलना नेकीने करा. जॉबर माग दुरुस्त करतो, सुताच्या कांड्या भरणारीचं काम वेगळं. तिथे हे कलम चालणार नाही. कामाला खरंच जास्त अनुभव लागत असेल तर जास्त पगार देता येतो. असली एक ओढूनताणून केलेली तुलना अर्जात घातली की बाकीच्या चार खऱ्याही हलक्या होतात.

पगाराची चिठ्ठी मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. मिळाली की फोटो काढून ठेवा. रजिस्टर मात्र उचलून आणू नका, पानंही फाडू नका. चोरीचा आळ यायला तेवढं पुरतं.

मालकाला समान दराचा अर्ज एकटीने देऊ नका. एकटीला दुसऱ्या दिवशी 'काम कमी आहे' म्हणून घरी बसवणं सोपं असतं. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसकट पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

उत्तरं दोनच येतात. पहिलं, 'परवडत नाही.' मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाई लढल्या, त्या खटल्यात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सबब धरली नाही. दुसरं, 'मग सगळ्यांनाच कमी देतो.' तेही चालत नाही. बरोबरी करायला कुणाचा दर खाली आणता येत नाही, कमी असलेला वर न्यावा लागतो. आमच्याकडे शेठ हे दुसरं बोलले आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही गडी आपणहून सही करायला आले. तोवर ते लांब उभे राहून तंबाखू मळत होते.

तरी हललं नाही तर कामगार खात्याच्या कार्यालयात दावा लावा. मुदत 3 वर्षं. बुडालेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम होऊ शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करणं मालकाकडे असतं. वकिलाची फी नको असेल तर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

एक स्पष्ट सांगते. हे कलम बाई-पुरुष भेदाचं आहे. जात किंवा धर्म बघून खासगी मालकाने नोकरी नाकारली तर याने काही होत नाही. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान झाला असेल तर 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा वेगळा, त्याचं त्याच वकिलाला विचारा.

आमच्याकडे पुढच्या महिन्यापासून मी सहाही नावांपुढे 'पॅकर' लिहिलं. त्या अर्जावर माझी सही नव्हती. नोकरीची भीती मलाही होतीच. आणि बायांनी मागचा फरक मागितलाच नाही, दर वाढला यातच खूश झाल्या. तुम्ही अर्जात ही ओळ राहू देऊ नका: 'आमच्या कामाचा दर कमी लावल्याच्या तारखेपासूनचा फरक आम्हांस मिळावा.' खाली तारीख घाला.