सिस्टम शॉक रिमेक: रिअ‍ॅक्टरचा कोड चालत नव्हता, शेवटी चालला

सिस्टम शॉक या व्हिडिओ गेमचा १९९४ चा ओरिजिनल खेळलेला, म्हणून २०२३ च्या रिमेकमधे जरा जास्तच शहाणपणा केला. गेममधल्या अंतराळ स्थानकाच्या रिअ‍ॅक्टरच्या कीपॅडवर सहा आकडे टाकले तरी काही होईना. जुन्या वहीतला कोड टाकला, सेव्ह परत लोड केला, डोकं फिरायची वेळ आली. मग लक्षात आलं, कोड प्रत्येक गेमला वेगळा असतो. तर लेव्हल (स्थानकाचे मजले) १ ते ६, प्रत्येकीवर आधी सीपीयू नोड्स (तिथले कॉम्प्युटरचे भाग) फोडायचे, मगच तिथल्या स्क्रीनवर एक आकडा दिसतो, तो लेव्हल नंबरसकट लगेच लिहून घ्यायचा. मी चौथ्या, म्हणजे स्टोरेजवरचा ८ घाईत ६ वाचलेला (शोडानची, म्हणजे गेममधल्या खलनायिका एआयची, कानाशी कटकट चालू असते ना!). परत वर जाऊन बघितला, खाली रिअ‍ॅक्टरला येऊन १ ते ६ याच क्रमाने टाकला, घेतला एकदाचा.